क्रिएटिनिन नॉर्मल आलं, पण लघवी तपासली का?

सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर जातं तेव्हा बाहेर आठ-दहा माणसं उभी असतात. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे सकाळचा पहिला चहाही न घेता आलेली, त्यामुळं सगळ्यांनाच घाई. सुई टोचून घ्यायला कुणी का-कू करत नाही. पण चिठ्ठीवर खाली डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहिलेली असली आणि मी प्लॅस्टिकची डबी पुढं केली, की चेहरे बदलतात. कुणाला लाज वाटते, कुणाला 'आत्ता होणार नाही' असं वाटतं. बऱ्याच जणांना मनापासून वाटतं की रक्तातच सगळं कळतं, लघवीचं काय एवढं!

मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या वडणग्याहून एक आजी आल्या होत्या. वय ६८, अकरा वर्षांची शुगर, बीपीची गोळी चालू. रक्त दिलं, हातावरचा कापूस दाबून धरला आणि डबी बघून म्हणाल्या, "रगत दिलंय की बाळा, लघवीचं कशाला आणि? मी जातो, माझी बस चुकंल." डबी रिकामीच राहिली. संध्याकाळी रिपोर्ट निघाला. किडनीच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.१. आमच्याकडं बायकांसाठी वरची मर्यादा १.१ छापलेली असते, म्हणून आकडा ठळक झाला नाही. नातवाचा फोन आला, "ताई, नॉर्मल हाय नव्हं?" मी म्हटलं, मर्यादेत आहे, पण लघवी राहिलीय, ती आणून द्या. त्यानं फक्त पहिले दोन शब्द ऐकले.

अठरा वर्षं मी हे काम करते. किडनीच्या बाबतीत 'मर्यादेत आहे' या दोन शब्दांनी जेवढी माणसं गाफील राहतात, तेवढी दुसऱ्या कुठल्या तपासणीत राहत नसतील. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

किडन्या दोन, प्रत्येकी आपल्या मुठीएवढी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खालच्या बरगड्यांच्या आडोशाला बसलेल्या. दर मिनिटाला साधारण एक लिटर रक्त त्यांच्यातून फिरतं. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात जवळजवळ १८० लिटर पाणी या गाळण्यांतून खाली उतरतं. त्यातलं कामाचं सगळं, म्हणजे पाणी, साखर, क्षार, किडनी परत रक्तात ओढून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकते. रक्तदाब सांभाळणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाचं करून देणं, हिमोग्लोबिन तयार व्हायला लागणारा संदेश हाडातल्या मगजाला पाठवणं, हीही तिचीच कामं. म्हणून किडनीचा जुना आजार असलेल्यांचं रक्त कमी होतं आणि लोखंडाच्या गोळ्या खाऊनही ते वर येत नाही.

ही यंत्रणा देवानं भरपूर शिल्लक ठेवून बनवली आहे. भावाला किंवा मुलाला एक किडनी देणारा माणूस पुढं वर्षानुवर्षं धडधाकट जगतो आणि त्याचं क्रिएटिनिनही बहुतेक वेळा मर्यादेतच किंवा मर्यादेच्या जवळपास राहतं. म्हणजे अर्धी यंत्रणा काढून दिली तरी हा आकडा फार बोंब मारत नाही. एकाच बाजूला खडा अडकून ती किडनी फुगलेली असते आणि क्रिएटिनिन मात्र ठीक येतं, कारण दुसरी किडनी ओढून नेत असते. तिथं सोनोग्राफीच करावी लागते.

मग क्रिएटिनिन म्हणजे नेमकं काय? आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्यातला थोडा भाग रोज आपोआप झिजून क्रिएटिनिन होतो आणि रक्तात येतो. शरीराला त्याचा उपयोग नाही, किडनी तो गाळून टाकते. आपल्या गल्लीतला कचरा डोळ्यांसमोर आणा. गल्लीत घरं तेवढीच, रोजचा कचरा साधारण तेवढाच. घंटागाडी नेमानं येते तोवर कोपऱ्यावरचा कोंडाळा एका ठरावीक पातळीला राहतो. गाडीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या की कोंडाळ्यात दुप्पट कचरा दिसायला लागतो. क्रिएटिनिन हा कोंडाळ्यातला कचरा आहे. किडनी ही घंटागाडी. आपण गाडी बघत नाही, कोंडाळा बघून गाडीचा अंदाज बांधतो.

आता अडचण अशी की सगळ्या गल्ल्या सारख्या नसतात. वडणग्याच्या आजींचं वजन ४४ किलो, दंडाला स्नायू म्हणून राहिलेलाच नाही. ती चार घरांची गल्ली आहे. तिथं गाडी निम्म्यावर आली तरी कोंडाळा भरून वाहणार नाही, रिपोर्टवर आकडा ठळक होणार नाही. उलट तालमीतला पोरगा म्हणजे शंभर घरांची गल्ली. गाडी वेळेवर येत असली तरी त्याचा कोंडाळा भरलेलाच दिसतो.

असाच एक पैलवान आमच्याकडं आला होता. वय २४, वजन ९२ किलो. कुठल्याशा तपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं आणि वस्तादांनी त्याची मेहनत बंद केली होती. पोरगा रडकुंडीला आलेला. विचारल्यावर कळलं, आदल्या रात्री मित्राच्या घरी जेवण होतं. तांबडा-पांढरा, सुकं, सगळं भरपेट. शिवाय डब्यातली क्रिएटिनची पावडर रोज चमचाभर. शिजवलेल्या मटणात क्रिएटिनिन तयार असतंच. ते पोटातून थेट रक्तात येतं आणि काही तास आकडा वर ठेवतं. त्यात पावडरीची भर. त्याच्या डॉक्टरांनी पावडर बंद करायला सांगितली, चार दिवस मटण नको म्हणाले आणि फेरतपासणी केली. १.२ आलं. सोबत सिस्टॅटिन सी नावाची तपासणी केली. हा पदार्थ शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळं स्नायूंच्या कमी-जास्तीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ती व्यवस्थित आली, लघवीही स्वच्छ. पोरगा पुन्हा मातीत उतरला. सिस्टॅटिनची तपासणी महाग आहे, प्रत्येकाला लागत नाही, पण अशा ठिकाणी ती फार मोलाची.

तेव्हा कोल्हापूरकरांना माझी कळकळीची विनंती, किडनीची तपासणी सोमवारी करायची असेल तर रविवारचं मटण एक आठवडा पुढं ढकला. आदल्या दिवशी जोर-बैठका, लांब पल्ल्याचं धावणंही नको. पाणी नेहमीसारखं प्या, मुद्दाम घटाघटा नको आणि उपाशीपोटी यायचं म्हणून कोरडंही राहू नका. नुसतं साधं पाणी चालतं.

वय आणि बाई-पुरुष हा फरक धरून क्रिएटिनिनवरून किडनीचा गाळण्याचा वेग काढायचं एक सूत्र आहे. त्यातून येणारा आकडा म्हणजे ई-जीएफआर. आता बहुतेक ठिकाणी २०२१ साली सुधारलेलं सूत्र वापरतात. त्यात आजींचे १.१ आणि ६८ वर्षं घातली तर उत्तर येतं ५५ च्या आसपास. तेच १.१ एखाद्या २४ वर्षांच्या पोराचं असेल तर ९६. रक्तातला आकडा एकच, पण एकाची किडनी ठणठणीत आणि दुसरीची जवळजवळ निम्मी. तरण्या माणसात ९०च्या वर चांगलं धरतात. ६० ते ८९ मध्ये लघवी स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही, वयाबरोबर वेग थोडा उतरतोच. ६०च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिला तर त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात. ३०च्या खाली गेलं की किडनीच्या डॉक्टरांकडं जायलाच हवं, आणि १५च्या खाली डायलिसिस किंवा किडनी बदलण्याचं बोलणं सुरू होतं. रिपोर्टवर ई-जीएफआर छापलेला नसेल तर लॅबमध्ये मागा. त्यासाठी वेगळं रक्त लागत नाही, नुसतं गणित आहे.

यंत्रात हे कसं मोजतात तेही सांगते, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. १८८६ साली मॅक्स याफे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की पिवळ्या पिक्रिक आम्लात अल्कली आणि क्रिएटिनिन मिसळलं की नारिंगी रंग येतो. रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. आजही कितीतरी लॅबमध्ये हीच पद्धत चालते. पण हा रंग क्रिएटिनिनशिवाय दुसऱ्याही काही गोष्टींनी येतो. शुगर फार वाढून कीटोन साठले असले तर आकडा खोटा वर जातो, कावीळ जोरात असली तर खोटा खाली येतो. दुसरी पद्धत एन्झाइमची, ती जास्त नेमकी. दोन लॅबच्या आकड्यांत ०.१-०.२ चा फरक पडला तर किडनी बिघडली असं समजू नका. शक्य तोवर एकाच ठिकाणी तपासा म्हणजे तुलना खरी होते.

आता त्या रिकाम्या डबीकडं वळते.

चहा गाळताना दोन गोष्टी बघता येतात. चहा किती भरभर खाली उतरतो, आणि कपात पावडर येते का. गाळणी फाटली तर चहा उलट छान भरभर उतरेल, पण कपाच्या तळाशी पावडर दिसेल. क्रिएटिनिन आणि ई-जीएफआर सांगतात चहा किती भरभर उतरतोय. गाळणी फाटली का, हे फक्त कपात बघून कळतं. किडनीच्या बाबतीत ती पावडर म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन. चांगल्या किडनीतून ते जवळजवळ बाहेर येत नाही. शुगर आणि बीपीनं गाळणीची बारीक जाळी सैल व्हायला लागली की सगळ्यात आधी तेच निसटतं, आणि हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी होतं. त्या काळात माणसाला काही त्रास नसतो. पाय सुजत नाहीत, लघवी कमी होत नाही, कंबर दुखत नाही. (कंबर दुखली की किडनी गेली असं समजून घाबरून येणारे रोज दोघं-तिघं असतात. बहुतेकांचं दुखणं मणक्याचं किंवा स्नायूचं निघतं.)

लघवीतलं प्रथिन आणि किडनी यांचं नातं रिचर्ड ब्राइट या लंडनच्या डॉक्टरानं १८२७ साली दाखवून दिलं. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी तो चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचा. प्रथिन असलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती गोठायची. आम्ही शिकत होतो तेव्हा परीक्षानळीचं वरचं टोक बर्नरवर धरून हेच करायचो. खालची लघवी नितळ आणि वर पांढरा ढग. तो ढग पहिल्यांदा बघितला तो दिवस मला अजून आठवतो.

हल्ली लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवतात. पट्टी चांगली आहे, पण तिला थोडं प्रथिन दिसत नाही आणि लघवी पाण्यासारखी पातळ असली तर ती फसते. म्हणून शुगर-बीपीवाल्यांसाठी जी तपासणी मागायची तिचं नाव लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, चिठ्ठीवर तिला एसीआर लिहितात. लघवी पातळ असो की दाट, एक ग्रॅम क्रिएटिनिनमागं किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे हे ती सांगते. ३०च्या खाली चांगलं, ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपू लागलीय, ३००च्या वर म्हणजे गळती मोठी. टाइप टूची शुगर निघाली त्या दिवसापासून दरवर्षी एकदा ती व्हायला हवी, टाइप वनमध्ये पाच वर्षांनंतर. एकदा जास्त आली म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, जोरदार व्यायाम यांनीही ती तात्पुरती वाढते. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा बघून त्यात दोनदा जास्त आली तर खरी धरतात.

डबी भरायचीही रीत आहे. पहाटे उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. जागा पाण्यानं धुवायची, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची. डबी लॅबमधूनच न्या. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली किंवा लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी नको, आत राहिलेल्या अंशानं रिपोर्ट चुकतो. आणि भरल्यापासून तास-दोन तासांत आमच्या हातात द्या, कारण उन्हात राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पेशी विरघळून जातात.

त्या पेशी बघायला आम्ही लघवी यंत्रात गरगर फिरवून तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. मला माझ्या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो. टपालाच्या पाकिटासारखे चौकोनी, मधे फुली असलेले स्फटिक म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट. पांढऱ्या पेशी खच्चून दिसल्या तर संसर्ग, मग कल्चर लावायचं, म्हणजे जंतू वाढवून ओळखायचे, आणि ते अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी. लाल पेशी एकमेकींना चिकटून नळीच्या साच्यातून काढल्यासारख्या लांबट दिसल्या की आम्ही थांबतो आणि लगेच डॉक्टरांना फोन करतो. याचा अर्थ किडनीच्या गाळण्यांनाच सूज आहे. घसा दुखून किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लहान मुलाला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी झाली, तोंड सुजलं, तर ते बहुतेक हेच असतं. सकाळी उठल्यावर मुलाच्या डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस, रंग मात्र साधा, असं असेल तर नेफ्रॉटिक सिंड्रोम. त्यात प्रथिन भसाभसा वाहून जातं, रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, कोलेस्टेरॉल चढतं. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो.

इथवर सांगितलं ते बहुतेक सावकाश चालणाऱ्या आजाराचं. किडनी दोन दिवसांतही बसू शकते. आपल्या जिल्ह्यात त्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. गगनबावडा, राधानगरीकडं भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांना उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा लेप्टो, उसाच्या फडात घोणस चावणं, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जाणं. आणि फौंड्रीत भट्टीसमोर किंवा फडात उन्हात राबून अंग मोडून आलं की मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा आवळतात. अंगात पाणी भरपूर असतं तेव्हा किडनी ते सोसते. पाणी आटलेल्या अंगात तीच गोळी घात करते. इथं पाहायचं ते आकड्याची उडी. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ नं जरी वाढलं तरी डॉक्टर ते गंभीर धरतात, मग वाढलेला आकडा मर्यादेत का असेना. कालचं ०.७ आज १.०. कागदावर दोन्ही 'नॉर्मल', आणि किडनी घसरतेय. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. तारखांसकट एका फायलीत ठेवा.

रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या जोडीला येणाऱ्या युरियाचं फार मनावर घेऊ नका. पाणी कमी प्यायलात, मांस जास्त खाल्लं, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. क्रिएटिनिनबरोबर ठेवूनच त्याचा अर्थ लागतो. पोटॅशियम हा रक्तातला क्षार मात्र मनावर घ्यायची गोष्ट. ३.५ ते ५ मध्ये हवं, ६च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पण नमुन्यातच घोळ झाला की हा आकडा खोटा वाढतो. एकदा लांबच्या तालुक्यातून रक्त आलं होतं. सकाळी काढलेलं, त्यातल्या पेशी वेगळ्या न करता तसंच फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी पाठवलेलं. पोटॅशियम ६.८. थंडीत पेशींचे पंप बंद पडतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. माणूस घरी निवांत जेवत होता. ताजं रक्त मागवलं, ४.४. त्या रात्री कुणी नुसता आकडा वाचून औषध दिलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला झोप लागली नव्हती.

आणखी एक. लघवीत अल्ब्युमिन सापडलं की डॉक्टर बीपीच्या काही ठरावीक गोळ्या देतात, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा. त्या गाळणीवरचा दाब कमी करतात, त्यामुळं पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वाढतं. ते पाहून कितीतरी लोक 'गोळीनंच किडनी खराब केली' म्हणून स्वतःच गोळी बंद करतात. पहिल्या चार आठवड्यांत तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, पुढची किडनी वाचवायची ती किंमत असते. मात्र पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दोन ते चार आठवड्यांत पुन्हा बघायचं असतं. ती फेरतपासणी चुकवू नका, आणि गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

वडणग्याच्या आजी तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. नातवाला मी दोनदा फोन केला होता. पदराच्या टोकात गुंडाळलेली डबी त्यांनी टेबलावर ठेवली, पहाटेचीच होती, अजून कोमट. एसीआर आला २१०. दोन महिन्यांनी पुन्हा केला, १९५. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मीठ कमी करायला सांगितलं, गुडघ्यासाठी त्या स्वतःच घेत होत्या ती दुखण्याची गोळी बंद केली. परवा त्या वार्षिक तपासणीला आल्या तेव्हा एसीआर ८० होता आणि क्रिएटिनिन तेच, १.१. सोबत शेजारच्या बाईंना घेऊन आल्या होत्या. त्या बाईंनी रक्त देऊन चप्पल घातली, तेवढ्यात आजींनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "हिला पण डबी दे गं. ही बी शुगरचीच हाय."